पाण्यावरील वाट कोणाची? : शिडाच्या नौकांच्या शर्यतींतील अग्रहक्काच्या नियमांचा मुंबईच्या संदर्भात ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

समुद्रावर दोन नौका समोरासमोर आल्या असता कोणी वाट सोडावी, हा प्रश्न नौकानयनाइतकाच जुना आहे. शिडाच्या नौकांच्या शर्यतींत या प्रश्नाचे उत्तर आज अत्यंत काटेकोर नियमांनी दिले जाते. हे नियम केवळ खेळाचे तांत्रिक नियम नसून त्यांच्यामागे सागरी सत्ता, स्थानिक रूढी, आंतरराष्ट्रीय कायदा आणि क्रीडासंस्कृती यांचा दीर्घ इतिहास आहे. प्रस्तुत लेखात मुंबई बंदर आणि साष्टीच्या खाड्या हा परिसर केंद्रस्थानी ठेवून या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. 'अग्रहक्क' ही संकल्पना सत्ताधाऱ्याच्या परवान्याकडून परस्पर कर्तव्याकडे कशी सरकत गेली, हे दाखविणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : अग्रहक्क, दस्तक, शिडाची नौका, माहीमची खाडी, रॉयल बॉम्बे यॉट क्लब, टक्कर प्रतिबंधक नियम.

१. प्रस्तावना

वाकोला हे आज मुंबईच्या उपनगरांतील दाट वस्तीचे ठिकाण आहे. द्रुतगती महामार्ग, उड्डाणपूल आणि विमानतळ यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या येथील रहिवाशाला 'वाकोला नाला' हा शब्द प्रामुख्याने पावसाळ्यातील पुराच्या संदर्भात परिचित आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा या नाल्याची आणि मिठी नदीची आठवण संपूर्ण शहराला झाली. परंतु हा नाला मिठीला मिळतो, मिठी माहीमच्या खाडीला आणि खाडी समुद्राला मिळते, हे भौगोलिक सत्य आपल्या इतिहासलेखनात फारसे उतरलेले नाही. मुंबई आणि साष्टी ही बेटे होती, तोवर पाणी हाच येथील हमरस्ता होता. रस्ता म्हटला की वाहतूक आली, आणि वाहतूक आली की कोणी थांबावे व कोणी पुढे जावे, हा प्रश्नही आलाच.

जमिनीवरील रस्त्याला कडा असतात, पाण्याला नसतात. शिवाय शिडाच्या नौकेला वाटेल त्या दिशेने जाता येत नाही. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला ती सरळ जाऊच शकत नाही. तिला नागमोडी मार्गाने वाऱ्याला कापत जावे लागते. त्यामुळे दोन नौकांच्या वाटा वारंवार एकमेकींना छेदतात. शर्यतीत तर अनेक नौका एकाच वेळी, एकाच बोयाकडे, एकाच वाऱ्यावर झेपावत असतात. अशा वेळी नियम नसतील, तर खेळ होणार नाही, अपघात मात्र होतील. म्हणून या नियमांचा अभ्यास क्रीडाशास्त्राइतकाच इतिहासाचाही विषय ठरतो.

२. परवान्याची वाट : कार्टाझपासून दस्तकापर्यंत

पश्चिम किनाऱ्यावर 'समुद्रात जाण्याचा अधिकार कोणाचा' या प्रश्नाचे पहिले लेखी उत्तर पोर्तुगीजांनी दिले. सोळाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी 'कार्टाझ' नावाची परवाना पद्धत लागू केली. ज्या व्यापारी जहाजाजवळ हा परवाना नसेल ते जप्तीस पात्र ठरे. १५३४ साली वसई व साष्टीसह मुंबईची बेटे पोर्तुगीजांच्या हाती आल्यावर येथील पाण्यावरही हीच व्यवस्था आली. या व्यवस्थेत वाटेचा हक्क वाऱ्यावर किंवा नौकेच्या स्थितीवर अवलंबून नव्हता. तो तोफांच्या संख्येवर अवलंबून होता.

या मक्तेदारीला सर्वांत समर्थ आव्हान मराठी आरमाराने दिले. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. इंग्रजांनी ते रोखण्याचा प्रयत्न केला. परंतु मराठ्यांची लहान, उथळ बुडाची व वल्ह्यांनीही चालणारी गलबते इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून बेटावर रसद पोहोचवीत राहिली. वारा पडला की मोठे जहाज जागीच खिळून राही आणि लहान नौका निसटून जाई. नौकेच्या आकारापेक्षा वाऱ्याशी व उथळ पाण्याशी जुळवून घेण्याची क्षमता महत्त्वाची असते, हा धडा या प्रसंगातून मिळतो. पुढे कान्होजी आंग्रे यांनी किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले 'दस्तक' घ्यावे असा आग्रह धरला. युरोपीय सत्तांनी त्यांना चाचे म्हटले. परंतु दस्तक मागणे आणि कार्टाझ मागणे यांत तत्त्वतः भेद नव्हता. दोन्ही ठिकाणी वाट ही सार्वभौमत्वाची खूण होती.

१७२९ साली कान्होजींचा मृत्यू झाला, १७३७ ते १७३९ या काळात साष्टी व वसई मराठ्यांनी जिंकली आणि १७७४ च्या अखेरीस ठाण्यासह साष्टी इंग्रजांकडे गेली. सत्ता बदलल्या, तरी एकोणिसाव्या शतकापर्यंत पाण्यावरील अग्रहक्काचा मुख्य अर्थ 'कोणाच्या परवानगीने' हाच राहिला. 'कोणी कोणाला वाट द्यावी' हा प्रश्न खलाशांच्या रूढीवर सोडलेला होता.

३. तरीची वाट आणि तिचा अस्त

ही रूढी सर्वसामान्यांच्या जीवनात सर्वांत ठळकपणे दिसत असे ती तरीवर. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती व ती होडीने ओलांडावी लागे. भरती-ओहोटीचा जोर, पावसाळ्यातील वारा आणि होडीतील गर्दी यांमुळे हा प्रवास धोक्याचा होता. येथे होड्या उलटून जीवितहानी झाल्यावर पक्क्या रस्त्याची मागणी वाढली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने खर्चास नकार दिला, तेव्हा लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपयांची देणगी दिली आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यापूर्वीच सायन व कुर्ला यांना जोडणारा डंकन कॉजवे १८०५ मध्ये पूर्ण झाला होता.

या दोन रस्त्यांनी साष्टीतील गावांना मुंबईशी जोडले. वाकोला, कालिना, कुर्ला या परिसराच्या विकासात त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र त्याचबरोबर एक गोष्ट घडली. ज्या समाजाला पाण्यावरील वाट माहीत होती, त्याचे ते ज्ञान हळूहळू उपनगराच्या सार्वजनिक स्मृतीतून पुसले गेले. ते उरले कोळीवाड्यांत आणि मचव्यांवर. तांडेलाने वारा, भरती आणि समोरच्या नौकेचा कल पाहून क्षणात घ्यावयाचा निर्णय हा अलिखित कायदाच होता. परंतु लिहिला न गेल्यामुळे तो इतिहासाच्या साधनांत क्वचितच आढळतो. योगायोग असा की, माहीमची तर मागे पडली त्याच दशकात इंग्लंडमध्ये पाण्यावरील वाटेचे नियम कागदावर उतरू लागले होते.

४. लिखित नियमांचा उदय

या बदलामागे वाफेच्या जहाजांचे आगमन हे प्रमुख कारण होते. शिडाच्या दोन नौकांमध्ये रूढी पुरेशी होती, कारण दोघींनाही वाऱ्याची मर्यादा सारखीच होती. वाफेच्या जहाजाला ती मर्यादा नव्हती. ते कोणत्याही दिशेने वेगाने येऊ शकत होते. १८४० साली लंडनच्या ट्रिनिटी हाउसने वाफेच्या जहाजांसाठी नियम प्रसिद्ध केले. त्यांत शिडाच्या नौकांची प्रचलित प्रथाही नमूद झाली. अनुकूल वाऱ्याने जाणाऱ्या नौकेने वाऱ्याला कापत जाणाऱ्या नौकेस वाट द्यावी. आणि दोन्ही नौका वाऱ्याला कापत असतील, तर डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या नौकेने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या नौकेस वाट द्यावी, अशी ती प्रथा होती. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने वाफेच्या जहाजांविषयी कायदा केला. १८६३ साली ब्रिटन व फ्रान्स यांनी समान नियमावली स्वीकारली आणि अल्पावधीत तीसहून अधिक देशांनी ती मान्य केली. १८८९ च्या वॉशिंग्टन परिषदेत तिला अधिक व्यापक रूप मिळाले.

या नियमांमागील तर्क समजून घेणे आवश्यक आहे. वाऱ्याला कापत जाणारी नौका अडचणीत असते; तिने मार्ग बदलला तर कष्टाने मिळविलेले अंतर ती गमावते. अनुकूल वाऱ्याने जाणारी नौका मोकळी असते. तिला वळणे सोपे जाते. म्हणजे ज्याला सोपे आहे त्याने वाट सोडावी, हे तत्त्व येथे होते. उजव्या व डाव्या वाऱ्याचा भेद मात्र या तत्त्वातून निघत नाही. दोन्ही नौका सारख्याच अडचणीत असतात. तेथे कोणता तरी एक संकेत ठरविणे भाग असते आणि तो सर्वांना ठाऊक असणे पुरेसे असते. न्याय आणि संकेत या दोन्हींचे मिश्रण असलेली ही नियमावली पुढे जवळपास शतकभर टिकली.

५. मुंबईतील शर्यती : नियमांतील समता आणि दारावरील विषमता

मुंबईत नौकाशर्यतींची संस्थात्मक सुरुवात १८४६ मध्ये स्थापन झालेल्या यॉट क्लबने झाली. १८७६ मध्ये त्याला 'रॉयल' ही उपाधी मिळाली व १८८१ मध्ये अपोलो बंदरावर त्याची इमारत उभी राहिली. याच काळात ससून डॉक (१८७५) व प्रिन्सेस डॉक (१८८०) बांधले गेले. म्हणजे व्यापारी जहाजांची वर्दळ वाढत असतानाच त्याच पाण्यात करमणुकीच्या नौका फिरू लागल्या. ब्रिटनमध्ये १८७५ साली यॉट रेसिंग असोसिएशनची स्थापना झाली होती आणि शर्यतींच्या नियमांत एकसूत्रीपणा आणण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली; तीच आज 'वर्ल्ड सेलिंग' या नावाने ओळखली जाते.

मुंबई बंदराचे पाणी शर्यतीसाठी आव्हानात्मक आहे. पावसाळ्यात शर्यती बंद असतात. हिवाळा व उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. मोठ्या उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार मीटरहून अधिक असतो आणि पाण्याचा ओढा नौकेला बाजूला नेतो. सुकाणूवर बसलेल्या व्यक्तीला वारा, ओढा आणि प्रतिस्पर्धी या तिन्हींचा विचार एकाच वेळी करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आराखडा तयार झालेल्या 'सीबर्ड' वर्गाच्या नौका या पाण्यात दीर्घकाळ टिकून राहिल्या, ही बाब उल्लेखनीय आहे.

या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. नियमावलीला नौकेचा मालक कोण, त्याचा वर्ण कोणता, त्याचा हुद्दा काय, याच्याशी कर्तव्य नव्हते. डाव्या वाऱ्यावरील गव्हर्नरानेही उजव्या वाऱ्यावरील कारकुनाला वाट दिली पाहिजे, असाच नियमाचा अर्थ होता. परंतु शर्यतीच्या आरंभरेषेपर्यंत पोहोचण्यासाठी क्लबचे सभासदत्व लागे आणि वसाहतकाळात ते युरोपियनांपुरते मर्यादित होते. क्लबच्या इमारतीसमोरच्या पाण्यात पिढ्यान्पिढ्या शिडे हाकणारा कोळी हा शर्यतीच्या दृष्टीने केवळ एक अडथळा होता. पाण्यावर समता आणि धक्क्यावर विषमता, हा वसाहतकालीन क्रीडासंस्कृतीचा अंतर्विरोध येथे स्पष्ट दिसतो.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलले. भारतीय नौदलाने या खेळाला मोठा आधार दिला. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेतील नौकानयनाच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या. त्यांत फायरबॉल वर्गात फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, तर एंटरप्राइझ वर्गातील सुवर्ण पाकिस्तानच्या बैराम व गोश्पी आवारी या दांपत्याने पटकाविले. पुढे १९९४-९५ चा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार होमी मोतीवाला व पी. के. गर्ग या शिडनौकापटूंना संयुक्तपणे देण्यात आला.

६. १९३४ चा वाद आणि खेळाने कायद्याला दिलेला धडा

शर्यतीच्या नियमांच्या इतिहासातील निर्णायक वळण मात्र मुंबईपासून दूर, अमेरिकेच्या किनाऱ्यावर आले. १९३४ च्या अमेरिका चषक स्पर्धेत ब्रिटनच्या टी. ओ. एम. सॉपविथ यांची 'एन्डेव्हर' आणि अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांची 'रेनबो' यांच्यात लढत झाली. एका शर्यतीत अग्रहक्कावरून वाद उद्भवला. सॉपविथ यांनी तक्रारीचा ध्वज तत्काळ न फडकविल्याच्या कारणावरून शर्यत समितीने तक्रार ऐकण्यासच नकार दिला. या निर्णयावर दोन्ही देशांत तीव्र चर्चा झाली.

व्हँडरबिल्ट हे कॉन्ट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचे प्रवर्तक म्हणूनही प्रसिद्ध आहेत. नियमांची तर्कशुद्ध रचना हा त्यांचा आवडीचा विषय होता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्यतींसाठी नवी नियमावली तयार केली. तिचे सूत्र असे की, वाऱ्याला कापत जाणारी नौका आणि मोकळ्या वाऱ्याची नौका हा जुना भेद सोडून द्यावा आणि केवळ वारा कोणत्या बाजूने येतो एवढेच पाहावे. अमेरिकेत ही नियमावली १९४८ मध्ये स्वीकारली गेली. १९६० च्या सुमारास तिचे सूत्र आंतरराष्ट्रीय नियमांत आले.

वरकरणी हा बदल अन्यायकारक वाटतो, कारण अडचणीतील नौकेला संरक्षण देण्याचे जुने तत्त्व त्यात मागे पडले. परंतु त्यामागचे कारण व्यावहारिक होते. समोरची नौका वाऱ्याला पुरेशी कापते आहे की थोडी मोकळी आहे, हा मताचा प्रश्न आहे. तिचे शीड कोणत्या बाजूला आहे, हा नजरेचा प्रश्न आहे. मतभेदाला जागा असलेला न्याय्य नियम आणि दोघांनाही सारखाच दिसणारा सोपा नियम यांत निवड करावयाची झाल्यास, टक्कर टाळण्यासाठी दुसरा अधिक उपयुक्त ठरतो. विशेष म्हणजे २० ऑक्टोबर १९७२ रोजी मान्य झालेल्या व १५ जुलै १९७७ पासून अमलात आलेल्या टक्कर प्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियमांनीही शिडाच्या नौकांसाठी हेच सूत्र स्वीकारले. खेळाने कायद्याकडून नियम घेतले, हे सर्वज्ञात आहे. येथे कायदा खेळाच्या वाटेने गेला, हे तितकेच महत्त्वाचे आहे. भारताने १९७५ मध्येच आपल्या विनियमांद्वारे या नियमांना देशांतर्गत रूप दिले होते.

७. प्रचलित नियमांचे स्वरूप

शर्यतीचे नियम दर चार वर्षांनी सुधारले जातात; १ जानेवारी २०२५ पासून २०२५-२०२८ ची आवृत्ती लागू आहे. अग्रहक्काचे मूलभूत नियम पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) दोन नौका परस्परविरुद्ध बाजूंनी वारा घेत असतील, तर डाव्या बाजूने वारा घेणारीने वाट सोडावी.
(आ) दोघी एकाच बाजूने वारा घेत असून अंशतः शेजारी असतील, तर वाऱ्याच्या अंगाला असलेलीने वाऱ्याआडच्या नौकेस वाट द्यावी.
(इ) एकाच बाजूने वारा घेणाऱ्या नौका पुढेमागे असतील, तर मागचीने पुढचीपासून दूर राहावे.
(ई) वाऱ्याच्या दिशेतून नाळ फिरवून बाजू बदलणाऱ्या नौकेने, नव्या मार्गावर स्थिर होईपर्यंत, इतरांना वाट द्यावी.

यांपैकी दुसऱ्या नियमामागे वाऱ्याचे साधे गणित आहे. वाऱ्याच्या अंगाची नौका खालच्या नौकेचा वारा अडविते; तिच्याकडे स्वच्छ वारा व हालचालीची अधिक मोकळीक असते, म्हणून जबाबदारीही तिचीच.

या चार नियमांवर मर्यादा घालणारे नियम त्यांच्याइतकेच महत्त्वाचे आहेत. एखाद्या नौकेने स्वतःच्या हालचालीने अग्रहक्क मिळविला, तर आरंभी तिने दुसरीला बाजूस होण्याइतकी जागा दिली पाहिजे. अग्रहक्क असलेल्या नौकेने मार्ग बदलला, तरीही दुसरीला वाट सोडण्यास वाव राहिला पाहिजे. आणि सर्वांत शेवटी, अग्रहक्क असो वा नसो, शक्य असेल तर टक्कर टाळलीच पाहिजे. वळणाच्या बोयाजवळ तीन नौकालांबींच्या परिघात आतल्या बाजूच्या नौकेस बोया वळण्यापुरती जागा द्यावी लागते. २००९ पूर्वी हा परिघ सामान्यतः दोन लांबींचा होता.

येथे व्यापारी कायदा आणि खेळ यांतील एक सूक्ष्म फरक लक्षात घ्यावा. सागरी कायद्यानुसार ज्या नौकेला वाट मिळावयाची आहे तिने आपली दिशा व वेग कायम ठेवणे बंधनकारक आहे, म्हणजे दुसरीला अंदाज बांधता येतो. शर्यतीत मात्र अग्रहक्काची नौका डावपेच म्हणून दिशा बदलू शकते. फक्त दुसरीला जागा देऊन. खेळात अनिश्चिततेला स्थान आहे, वाहतुकीत नाही.

आणखी एक वैशिष्ट्य शिक्षकवर्गास विशेष विचारणीय वाटेल. क्रिकेटच्या मैदानावर पंच उभा असतो. नौकांच्या सर्वसाधारण शर्यतीत पाण्यावर पंच नसतो. ज्याच्याकडून नियमभंग झाला त्याने तो स्वतः ओळखून, बाजूला जाऊन, दोन पूर्ण वळणे घेऊन दंड भोगावयाचा असतो. मान्य नसेल, तर तक्रार नोंदवून किनाऱ्यावर सुनावणी होते. खेळाडूंनी नियम पाळावेत आणि ते एकमेकांकडून पाळवून घ्यावेत, हे या खेळाचे पायाभूत तत्त्व नियमावलीच्या आरंभीच नमूद केलेले आहे.

८. शर्यतीबाहेरचे पाणी

शर्यतीचे नियम केवळ शर्यतीतील नौकांनाच लागू होतात. शर्यतीतील नौकेची गाठ मासेमारीच्या होडीशी, प्रवासी लाँचशी किंवा मालवाहू जहाजाशी पडली, तर सागरी कायदा लागू होतो. त्यानुसार यंत्राच्या नौकेने सामान्यतः शिडाच्या नौकेस वाट द्यावी. शिडाच्या नौकेने जाळी टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेस वाट द्यावी. आणि अरुंद जलमार्गात मोठ्या जहाजाला अडथळा करू नये. वसाहतकाळात जो कोळी शर्यतीचा 'अडथळा' मानला जाई, त्याची जाळ्यात गुंतलेली होडी आज कायद्याने शर्यतीच्या नौकेपेक्षा वरच्या पायरीवर आहे. हा बदल केवळ तांत्रिक नव्हे. उपजीविकेला करमणुकीपेक्षा प्राधान्य मिळण्याचा परिणाम त्यातून साधला जातो.

हे नियम पुस्तकात राहिले तर काय होते, याची उदाहरणे मुंबईने अनुभविली आहेत. ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या मुखाशी 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर होऊन तेलगळती झाली; मासेमारीला व किनाऱ्याला त्याची झळ बसली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून तेराहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. प्रत्येक दुर्घटनेची कारणे स्वतंत्र असतात व त्यांचा निर्णय चौकशी यंत्रणांनी करावयाचा असतो. तथापि मुंबईचे पाणी आजही गजबजलेला हमरस्ता आहे आणि त्यावरील वाटेचा प्रश्न हा जीवितमरणाचा प्रश्न आहे, एवढे यातून निश्चित होते.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, पश्चिम किनाऱ्यावर पाण्यावरील वाट ही आरंभी सार्वभौम सत्तेच्या परवान्याची बाब होती. एकोणिसाव्या शतकात तिचे रूपांतर नौकांच्या परस्परस्थितीवर आधारित नियमांत झाले. दुसरा, शर्यतीच्या नियमांनी 'दोघांनाही दिसेल असा पुरावा' हे तत्त्व पुढे आणले आणि सागरी कायदाही त्याच दिशेने गेला. तिसरा, नियमांतील समता ही संस्थांच्या दारावर आपोआप अवतरत नाही. मुंबईतील या खेळाचा इतिहास त्याचा साक्षीदार आहे.

चौथा निष्कर्ष शब्दार्थाशी निगडित आहे. 'अग्रहक्क' या शब्दाने हक्काचा बोध होतो. परंतु नियमांची भाषा पाहिली, तर त्यांत हक्क जवळजवळ कोठेच दिलेला नाही. कोणी वाट सोडावी, एवढेच सांगितलेले आहे. एकाचे कर्तव्य हाच दुसऱ्याचा हक्क, आणि टक्कर टाळण्याचे कर्तव्य मात्र दोघांचेही. माहीमच्या खाडीवरील तांडेलाला हे तत्त्व लिखित नियमांशिवाय ठाऊक असले पाहिजे, अन्यथा तर चाललीच नसती. कोळीवाड्यांतील वृद्ध तांडेलांकडून वारा, भरती आणि वाट यांविषयीचे मौखिक ज्ञान संकलित करण्याचे काम उपनगरांतील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी संयुक्तपणे हाती घेतल्यास, लिखित नियमांच्या या इतिहासाला त्याची हरवलेली स्थानिक बाजू मिळू शकेल. शिडे झपाट्याने नाहीशी होत असल्यामुळे या कामास विलंब लावणे इष्ट नाही.